गोदावर्याः दक्षिणे तीरे

पूजेच्या पोथीत एक शब्द एकाच पानावर आठ-दहा वेळा येतो: अमुक. अमुकनाम संवत्सरे, अमुक ऋतौ, अमुक मासे, अमुक पक्षे, अमुक तिथौ. हा शब्द वाचायचा नसतो, त्या जागी आपला तपशील घालायचा असतो. पण गणेश चतुर्थीच्या सकाळी गुरुजी मिळत नाहीत, यजमान सोवळं सावरत स्वतःच पोथी उघडून बसतात, आणि ‘अमुक मासे अमुक पक्षे’ असं खणखणीत आवाजात म्हणून मोकळे होतात. बाकी पूजा यथासांग होते. फक्त अर्ज कोरा दाखल झालेला असतो.

हिंदू धर्माची ओळख करून द्या म्हटलं की वेद, उपनिषदं, चार पुरुषार्थ, चार आश्रम, कर्म आणि पुनर्जन्म अशी यादी निघते. यादी चुकीची नाही. पण देवघरासमोर पाटावर बसलेल्या माणसाला त्यातलं काहीच आधी विचारलं जात नाही. देव साकार की निराकार, जग सत्य की मिथ्या, याची उत्तरं हिंदू घरांत एकाच जेवणाच्या पंगतीत चार निघतात आणि कुणाचं पान मांडायचं राहत नाही. पूजा असो, व्रत असो, श्राद्ध असो, लग्न असो की नुसतं तीर्थस्नान, सुरुवातीला विचारतात ते वेगळंच: कुठे बसला आहेस, आज काय आहे, तू कोण, आणि हे कशासाठी करतो आहेस? या चार प्रश्नांचं उत्तर म्हणजे संकल्प. दोन मिनिटांचा मामला, म्हणूनच सगळ्यात जास्त गडबड याच दोन मिनिटांत होते.

जागा सांगताना संकल्प फार लांबून निघतो. जंबुद्वीपे, भरतवर्षे, भरतखंडे, दंडकारण्ये देशे, आणि मग गोदावर्याः दक्षिणे तीरे. पाकिटावरचा पत्ता खालून वर वाचावा तसा. पुण्यातही ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’च म्हणतात, कारण पुणं गोदावरीच्या दक्षिणेला आहे, जळगावकर ‘उत्तरे तीरे’ म्हणतात. त्यांच्यासाठी गोदावरी ही नकाशावरची लांबची खूण. नाशिककराची गोष्ट निराळी. इथे नदी गावाच्या मधून जाते, आणि होळकर पूल ओलांडला की संकल्प बदलतो. सराफ बाजार, भद्रकाली, मेन रोड, कॉलेज रोड, सातपूर, सिडको, नाशिक रोड हे सगळं दक्षिण तीर. पंचवटी, तपोवन, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव हे उत्तर तीर. दक्षिण तीरावर वाढलेला मुलगा हिरावाडीत फ्लॅट घेतो आणि गृहप्रवेशाला पाठ असलेलं ‘दक्षिणे’च म्हणतो. गुरुजी सावध असले तर तिथेच टोकतात.

इथे एक गंमतही आहे. गोदावरीच्या पात्रातल्या रामकुंडावर उभं राहून होकायंत्र धरलं तर पंचवटी उत्तरेला दिसत नाही. पूर्वेकडे वाहत आलेली गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते, त्यामुळे त्या टप्प्यात पंचवटी पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला पडतं. मग उत्तर-दक्षिण कशाच्या आधारावर? नदीच्या एकूण ओघाच्या. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून ती पूर्वसमुद्राकडे निघाली आहे; मधल्या वळणानं तीराचं नाव बदलत नाही. ओळखायची सोपी रीत अशी: पाणी जिकडे चाललं आहे तिकडे तोंड करून उभं राहा. उजव्या हाताला दक्षिण तीर, डाव्या हाताला उत्तर.

नाशिककर बोलताना गोदावरी म्हणतच नाहीत. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पाणी आलं’, ‘गंगाघाटावर भेटू’. पूर मोजायचा तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर सराफ बाजार आणि भांडी बाजार माल वर उचलायचा की नाही ते ठरवतात. कलशपूजेत ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति’ म्हणून तांब्यातल्या पाण्यात नद्यांना बोलावतात. बाकी सहा नद्यांना लांबून यावं लागतं. गोदावरी गंगापूर धरणातून, जलशुद्धीकरण होऊन, नळानं तांब्यात आधीच आलेली असते.

काळ सांगताना तर संकल्प जागेपेक्षाही लांबून येतो. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराह कल्प, सातवं म्हणजे वैवस्वत मन्वंतर, त्यातली अठ्ठाविसावी चौकडी (चार युगांचा एक फेरा), कलियुग, प्रथम चरण. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. त्यात चौदा मन्वंतरं, एका मन्वंतरात ७१ चौकड्या, एक चौकडी ४३,२०,००० वर्षांची, आणि त्यातलं कलियुग ४,३२,००० वर्षांचं. शके १९४८ च्या पंचांगात गतकली, म्हणजे कलियुगाची सरलेली वर्षं, ५१२७ छापलेलं असतं. शकात ३१७९ मिळवले की हा आकडा येतो. कलियुगाचा पहिला चरण १,०८,००० वर्षांचा, म्हणजे ‘प्रथमचरणे’ हा शब्द बदलायला अजून लाखावर वर्षं आहेत. एवढा भाग बिनधास्त पाठ करून ठेवावा. ‘कलियुग आलंय’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनीही हा हिशेब एकदा करून पाहावा, पहाट नुकती कुठे झाली आहे.

बदलतं ते पुढे. संवत्सराची नावं साठ, प्रभवापासून क्षयापर्यंत, आणि साठ संपली की पुन्हा प्रभव. माणसाची साठी शांत करतात ती याच चक्रामुळे. जन्माचं संवत्सर फिरून आलेलं असतं. नाव पंचांगात मिळतं, पण पंचांग हाताशी नसेल तर शकात १२ मिळवून ६० नं भागावं, उरलेली बाकी तो क्रमांक. १९४८ आणि १२ मिळून १९६०, बाकी ४०, चाळिसावं नाव पराभव. यूट्यूबवर पूजा लावून समोर बसणाऱ्यांची फसगत इथेच होते. चित्रफीत ज्या वर्षी केली त्या वर्षीचं संवत्सर तिच्यात कायमचं अडकलेलं असतं. शके १९४८ मध्ये मोबाइल ‘क्रोधीनाम संवत्सरे’ म्हणत असतो, म्हणजे दोन वर्षं जुना. शिवाय ते ध्वनिमुद्रण उत्तर तीरावर झालं की दक्षिण, की तिसऱ्याच राज्यात, तेही कळायला मार्ग नाही. उपाय सोपा आहे. संकल्प आला की चित्रफीत थांबवायची, आपला आपण म्हणायचा, मग पुढे चालू करायची.

‘शालिवाहन शके’ हे दोन शब्द मात्र नाशिकमध्ये म्हणताना थोडं थांबण्यासारखे आहेत. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून पांडवलेणी आहेत, शिलालेखांतला त्रिरश्मी पर्वत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिचा मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानं शक, यवन, पल्हव यांचा निःपात केल्याचं कोरलेलं आहे. दहाव्या लेण्यात त्याच्या शत्रूच्या घरचा लेख: क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप (राज्यकर्ता) नहपान, त्याचा जावई उषवदात. कालगणनेला नाव मिळालं ते शकांचं, आणि अनेक शतकांनंतर त्याच्या पुढे चिकटलं सातवाहनांचं, ‘शालिवाहन’ होऊन. जिंकलेला आणि हरलेला दोघेही एका श्वासात. संकल्पात त्याच्याच आसपास ‘बौद्धावतारे’ असाही शब्द येतो, तोही बहुतेकजण न ऐकताच म्हणतात.

उषवदाताचा लेख वाचण्यासारखा आहे तो वेगळ्या कारणानं. वर्ष ४२, वैशाख महिना, असं सांगून तो चारी दिशांच्या भिक्खुसंघाला हे लेणं देतो. सोबत ३००० कार्षापणांची (त्या काळची नाणी) अक्षय ठेव, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवलेली: २००० एका श्रेणीत दरमहा शेकडा एक दरानं, १००० दुसरीत दरमहा शेकडा पाऊण दरानं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब करून पाहा, वर्षाचं व्याज २४० आणि वीस बारं २४०. पै इकडची तिकडे नाही. दान बौद्ध संघाला आहे, पूजा नाही, मंत्र नाही. पण सवय तीच: केव्हा, कुठे, कोणी, किती, कशासाठी हे उच्चारल्याशिवाय दिलेलं दिलं असं धरत नाहीत. गोवर्धन आजही गंगापूर रोडनं पुढे गेलं की लागतं.

तिथीकडे येऊ. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी. चंद्राचा वेग सारखा नसतो म्हणून तिथी कधी १९ तासांत संपते, कधी २६ तास पुरते. एखादी दोन सूर्योदय पाहते, तिला वृद्धी म्हणतात. एखादी एकही पाहत नाही, तिचा क्षय. सूर्योदयाला असलेली तिथी ही दिवसाची तिथी, हा ढोबळ नियम. पण सणांना तो सरसकट लागत नाही आणि ‘दिनदर्शिकेत असं, मोबाइलवर तसं’ हे दर वर्षीचं भांडण इथूनच उगवतं. गणेश चतुर्थीला चतुर्थी मध्यान्ही असावी लागते, रामनवमीला नवमीही मध्यान्ही, संकष्टीला चतुर्थी चंद्रोदयाला, श्राद्धाला तिथी अपराह्णी म्हणजे दुपारनंतर, शिवरात्रीला चतुर्दशी मध्यरात्री. आणखी एक बारीक चूक: वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. जन्माष्टमीला रात्री बारा वाजून गेले म्हणून पुढचा वार उच्चारला तर चुकलं.

महिन्याचा घोळ सिंहस्थ कुंभमेळ्यात उत्तरेकडचे साधू आले की गावभर कळतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकाच महिन्याचा, वद्य पक्षाला मात्र त्यांचा महिना एक घर पुढे. आपली जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस एकच. तपोवनात उतरलेल्या कुणी ‘श्रावण कधीच लागला’ म्हटलं तर वाद घालू नये, त्यांचा खरंच लागलेला असतो.

मग ग्रह. सूर्य कोणत्या राशीत, चंद्र कोणत्या, देवगुरू कोणत्या. ‘शेषेषु ग्रहेषु यथायथं’ म्हणून बाकीच्यांना एका शब्दात उरकतात. हे तिघे तरी का, असा प्रश्न पडतो. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, सूर्य महिन्यात, गुरू साधारण वर्षात. दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा काटा, घड्याळासारखा. यातला गुरूचा काटा बारा वर्षांतून एकदा सिंहेवर येतो आणि नाशिकमध्ये संकल्पातला तो एक शब्द बदलला की रस्ते खोदले जातात, घाट बांधले जातात, साधुग्रामच्या जागेवरून बैठका झडतात. २००३ ला झालं, २०१५ ला झालं. आता ऑक्टोबर २०२६ अखेर गुरू सिंहेत जातो आणि मोठी स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात. वैष्णव आखाडे रामकुंडावर नहातात, शैव त्र्यंबकला कुशावर्तावर.

तर एक संकल्प सबंध भरून पाहू. १४ सप्टेंबर २०२६ ची गणेश चतुर्थी, मराठीत, कारण संस्कृत जिभेवर बसत नसेल तर मराठीत म्हणायला काहीच हरकत नाही. अडखळत म्हटलेल्या संस्कृतापेक्षा कळून म्हटलेलं मराठी बरं. ‘आज शालिवाहन शके १९४८, पराभव नाम संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद महिना, शुक्ल पक्ष, चतुर्थी, सोमवार, सूर्य सिंहेत, देवगुरू कर्केत, दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, नाशिक इथे राहत्या घरी’, पुढे गोत्र, नाव, आणि मग ‘आम्हा सर्व कुटुंबीयांना क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य लाभावं म्हणून पार्थिव सिद्धिविनायकाचं पूजन जमेल त्या ज्ञानानं आणि मिळाल्या साहित्यानं करतो.’ नक्षत्र आणि चंद्राची रास पंचांगात पाहून घालावी. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे. त्या महिन्यात संकल्प करायचा तर नुसतं ‘ज्येष्ठ’ न म्हणता ‘अधिक ज्येष्ठ’ म्हणायचं.

शेवटचं ते वाक्य संस्कृतात ‘यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः’ असं आहे आणि सबंध पूजाविधीतलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच. मला जेवढं येतं तेवढ्यानं आणि जे मिळालं त्यानं, हे आधीच सांगून टाकलं आहे. म्हणून पुढे उपचारांत वस्त्र नसेल तर ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’, दागिने नसतील तर ‘अलंकारार्थे अक्षतान्’. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ. मूठभराला चिमूटभर कुंकू आणि पाण्याचे चार-पाच थेंब, जास्त नाही. ओलं झालं की गोळे होतात, देवाच्या अंगावर लाल ओघळ येतात आणि आरतीपर्यंत बोटं चिकटत राहतात. आदल्या रात्री भिजवून ठेवणारेही असतात. सकाळी त्यांना आंबूस वास येतो.

गोत्रापाशी पुष्कळजण गप्प होतात. माहीत नसेल तर काश्यप म्हणावं ही जुनी सोय आहे. आपलीच पिढ्यांची नावं आठवत नसतील तर रामकुंडावरचे नाहीतर त्र्यंबकचे तीर्थपुरोहित गाव आणि आडनाव विचारून नामावळीच्या वह्या काढतात. पणजोबा कोणत्या साली कुणाच्या अस्थी घेऊन आले होते हे घरात कुणाला ठाऊक नसतं, पण वहीत सहीसकट असतं.

‘तू कोण’ हा प्रश्न मात्र सगळ्यांना सारख्या प्रेमानं विचारला गेलेला नाही. कुणाला वेदोक्त म्हणजे वेदांतल्या मंत्रांनी, कुणाला पुराणोक्त म्हणजे पुराणांतल्या, आणि कुणाला दाराबाहेरूनच. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते. पिढ्यान्‌पिढ्या याच दंडकारण्यात, याच तीरांवर राहिलेली माणसं, त्यांच्यासाठी दार उघडलं नाही. सत्याग्रह पाच वर्षं रेंगाळला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. हिंदू धर्माची ओळख नाशिकमध्ये बसून लिहायची तर हे पान गाळून पुढे जाता येत नाही.

आता हात. संकल्पाआधी आचमन. उजव्या तळहाताला गाईच्या कानासारखा खोलगा करायचा, त्यात पळीनं पाणी घ्यायचं ते उडदाचा दाणा बुडेल एवढंच. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणून तीन वेळा प्यायचं, अंगठ्याच्या मुळाकडून, आवाज न करता; गोविंदाय नमः म्हणताना चौथं पाणी ताम्हणात सोडायचं. भरपूर पाणी घेतलं की ते मनगटावरून कोपरापर्यंत वाहतं आणि सोवळं भिजतं, बाकी फार काही बिघडत नाही. संकल्पाच्या वेळी हातात पाणी, अक्षता, फूल. ‘करिष्ये’ म्हणताना ते मधल्या बोटांवरून ताम्हणात सोडायचं. बोटांची अग्रं हे देवतीर्थ. करंगळीचं मूळ प्रजापतीचं, अंगठ्याचं मूळ ब्रह्माचं, आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधली जागा पितरांची. एका तळहातावर चार घाट, आणि पाणी कोणत्या घाटानं उतरलं यावर ते कुणाला पोचलं ते ठरतं.

मराठीत ‘पैशांवर पाणी सोडलं’ म्हणतात ते इथलंच. दानाचा संकल्प करून हातावरून पाणी सोडलं की वस्तू आपली राहिली नाही. घरादारावर तुळशीपत्र ठेवणं हेही त्यातलंच. आज दोन्ही शब्दप्रयोग नुकसानीसाठी वापरतो.

पळी, पंचपात्र, ताम्हण ही सगळी तांब्याची, आणि नाशिकच्या तांबटांनी ती पिढ्यान्‌पिढ्या घडवली. तांब्यात पाणी चालतं, दही-दूध-लिंबू नाही. आंबट पदार्थानं तांबं विरघळतं आणि कळकतं. त्या भांड्यात तासभर राहिलेलं पंचामृत तीर्थ म्हणून घेतलं तर मळमळ होऊ शकते. म्हणून पंचामृत चांदीच्या, स्टीलच्या नाहीतर काचेच्या वाटीत करावं, ताम्हणात ते अभिषेकापुरतंच यावं आणि प्यायचं तीर्थ वेगळं काढून ठेवावं. घरच्या पूजेला पाच चमचे दूध, दोन चमचे दही, एक चमचा साखर, अर्धा चमचा मध आणि त्याहून कमी तूप पुरतं. मध आणि तूप समभाग घेऊ नयेत असं आयुर्वेद सांगतो. धातूच्या मूर्तीला स्नान घालताना क्रम दूध, दही, तूप, मध, साखर असा, आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. तुपानंतरचं पाणी कोमट हवं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा थंड पाण्यानं तूप बाळकृष्णाच्या कुरळ्या केसांत आणि रांगत्या गुडघ्याच्या खोबणीत थिजतं. त्यावर मधाचा थर, त्यावर साखर, त्यावर गंध. महिनाभरात तिथे काळी रेघ धरते आणि मग ती टूथब्रशनं घासत बसावं लागतं. पितळेला चिंच-मीठ लावलं तर लगेच धुऊन कोरडं पुसावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी देव हिरवे.

उपचार सोळा, पुरुषसूक्ताच्या ऋचाही सोळा, एकेकीला एक. आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, हात धुवायला, प्यायला, मग आंघोळ, कपडे, गंध, फूल, धूप, दिवा, जेवण. घरी पाहुणा आला की आपण दुसरं काय करतो? रोजच्या पूजेत आवाहन-विसर्जन नसतं, कारण देव घरचेच. शाळिग्राम आणि बाणलिंगाला तर ते मुळातच नाही. घाई असेल त्या दिवशी गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य या पाचांत भागतं. सप्तशृंगीचा टाक, खंडोबाचा टाक, माहेरून आलेली अन्नपूर्णा, एवढ्यांना पुरेसं.

पितरांच्या कामाला सगळं उलटं. तोंड दक्षिणेला, जानवं अपसव्य म्हणजे उजव्या खांद्यावरून, पाण्यात अक्षतांऐवजी काळे तीळ, आणि पाणी बोटांच्या टोकांवरून न सोडता अंगठा-तर्जनीच्या मधून. रामकुंडावर दहाव्याला बसलेल्या मुलाचा हात नेमका इथेच चुकतो. तोवर आयुष्यभर त्यानं देवाला पाणी सोडलेलं असतं, सवयीनं बोटं पुढे झुकतात. गुरुजी काही न बोलता त्याचं मनगट धरून वळवतात. संकल्पात पत्ता तोच, शक तोच, तीर तोच. फक्त नावासोबत ‘प्रेतस्य’ लागतं आणि गोत्र त्या माणसाचं असतं.

पूजा संपली की पुन्हा एक पळी पाणी. ‘अनेन कृतपूजनेन श्रीसिद्धिविनायकः प्रीयताम्’ म्हणून ते ताम्हणात सोडायचं आणि ‘न मम’ म्हणायचं. सुरुवातीला करिष्ये म्हणून सोडलेलं पाणी अजून त्याच ताम्हणात असतं. त्यात आचमनाचं चौथं पाणी, अक्षतांचे चार दाणे, देवाच्या पायांवरून आलेलं, झेंडूची एखादी पाकळी. हे बेसिनमध्ये ओतत नाहीत, तुळशीत घालतात. पंचामृताचं मात्र तुळशीला घालू नये, साखरेनं मुंग्या लागतात आणि दुधानं माती आंबते. ते सोनचाफ्याच्या किंवा कुठल्याही मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, भरपूर पाणी मिसळून. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीखाली थाळी ठेवावी. नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर कुंकवाचे थेंब पडतात, आणि मग संध्याकाळी जिन्यात भेट होते.